तोल जमवूनही रोटिसरीवरची बॉडी पुन्हा पुन्हा ओढ का घेते

तक्रार साधारण अशी असते. जुन्या गाडीची मोकळी बॉडी रोटिसरीवर चढवली, म्हणजे पुढे एक आणि मागे एक असे दोन स्टँड आणि त्यांच्यामध्ये सळईवर भाजायला लावल्यासारखी फिरणारी बॉडी. सरळ उभी असताना ती शांत असते. फिरवायला घेतली की सुरुवातीला हाताला हलकी लागते आणि अर्ध्या वाटेवर एकदम ओढ घेते. दोघंतिघं मिळून रेटून धरतात, कुलूप-पिन घालतात, काम उरकतात. मग कोणीतरी सांगतं म्हणून आर्म, म्हणजे बॉडीला स्टँडशी जोडणारे दांडे, दोन भोकं वर घेतले जातात आणि तोल जमतो. महिन्याभराने तळाचा पत्रा बदलून होतो आणि पुन्हा तीच ओढ सुरू होते, बऱ्याचदा उलट दिशेला. याच सुमारास दारं बसवून बघावीत तर फटी जुळत नाहीत.

हे सगळं एकाच रोगाचं लक्षण आहे असं समजून लोक आर्मच हलवत राहतात. प्रत्यक्षात यात दोन वेगळे प्रश्न आहेत. एक, बॉडी ज्या आसेभोवती फिरते ती आस बॉडीच्या गुरुत्वमध्यातून जाते की नाही. दोन, बॉडीला जिथे धरलंय तिथे धरल्यावर तिचा आकार टिकतो की नाही. पहिला तोलाचा प्रश्न, दुसरा आधाराचा. तोल साधायला म्हणून आर्म भलत्या जागी नेले की आधार जातो, आणि आधार सुधारायला ब्रेसिंग, म्हणजे आकार धरून ठेवणारे तात्पुरते पाइप, घातलं की त्याच्या वजनाने तोल बदलतो. दोन्ही वेगवेगळे तपासायचे, आणि काम पुढे सरकेल तसे पुन्हा तपासायचे.

मी हे इतकं आग्रहाने का लिहितोय ते आधी सांगतो. माझ्या दुसऱ्या बॉडीच्या वेळी कुलूप-पिन निघेना. मी हातोडीने ठोकली. चौथ्या ठोक्याला पिन सुटली आणि बॉडी स्वतःच्या वजनाने जवळजवळ अर्धा फेरा फिरली. मागच्या मडगार्डचा कोपरा स्टँडच्या पायावर आदळून आत गेला. सोबतच्या मुलाने क्षणभर आधीच सिलवरचा, म्हणजे दाराखालच्या पोकळ तुळईवरचा, हात काढून घेतला होता. पिन गंजली असेल असं मला वाटलं होतं. ती गंजलेली नव्हती. बॉडीचा सगळा पीळ त्या पिनवर आला होता म्हणून ती अडकली होती. तेव्हापासून पिन हाताने सहज निघत नसेल तर मी ती निदानाची पहिली खूण मानतो. आधी बॉडीला दोरीने किंवा माणसांनी दोन्ही बाजूंनी धरायचं, थोडं मागेपुढे करून पिनवरचा भार काढायचा, आणि पिन बोटांनी सरकली तरच बाहेर घ्यायची.

ओढ मोजा, अंदाज करू नका

गुरुत्वमध्य आसेपासून जितका दूर, तितकी ओढ जास्त. पण ती प्रत्येक कोनात सारखी लागत नाही, म्हणून फसगत होते. समजा मोकळी बॉडी ३०० किलोची आहे आणि गुरुत्वमध्य आसेपासून ५ सेंटिमीटर छताच्या बाजूला आहे. सरळ उभ्या स्थितीत गुरुत्वमध्य बरोबर आसेच्या वर असतो, ओढ शून्य. बॉडी ३० अंश कलली की सिलच्या कडेला, म्हणजे आसेपासून ७५ सेंटिमीटरवर, धरणाऱ्या हाताला १० किलोचा भार लागतो. ४५ अंशांना तो १४ किलो होतो आणि ९० अंशांना २० किलो. वीस किलो धरणं कठीण नाही. पण तोवर बॉडीने वेग घेतलेला असतो, आणि वेग घेतलेल्या ३०० किलोंना हाताने थांबवता येत नाही.

म्हणून तपासणी ९० अंशांवर करायची. तिथे दोष सर्वांत जास्त दिसतो. बॉडी आडवी करा, दोन्ही बाजूंना दोर बांधून प्रत्येक दोरावर एक माणूस ठेवा, मग पिन काढा आणि दोर किंचित सैल सोडून बघा. छत खाली जायला लागलं तर गुरुत्वमध्य आसेच्या छताकडच्या बाजूला आहे. तेव्हा बॉडी आर्मवर खाली घ्यायची, म्हणजे आस छताच्या दिशेने सरकेल. तळ खाली जायला लागला तर उलट, बॉडी आर्मवर वर घ्यायची.

किती घ्यायची, हे ताणकाटा सांगतो. मालाचं वजन करायला वापरतात तसला लटकवायचा काटा चालतो. बॉडी ९० अंशांवर असताना आसेपासून नेमक्या १ मीटर आडव्या अंतरावर काटा अडकवा आणि सरळ वर ओढून बॉडी स्थिर धरा. काट्यावरचं वजन गुणिले अंतर, भागिले बॉडीचं वजन. काटा १२ किलो दाखवत असेल आणि बॉडी ३०० किलोची असेल तर १२ गुणिले १०० सेंटिमीटर भागिले ३००, म्हणजे चूक ४ सेंटिमीटरची आहे. काटा लावायला १ मीटरवर जागा नसेल तर सिलच्या कडेला लावा आणि तिथलं आसेपासूनचं आडवं अंतर मोजून तेच सूत्रात घाला. बॉडीचं वजन माहीत नसेल तर चढवतानाच पुढचं आणि मागचं टोक वेगवेगळं तोलून बेरीज करून ठेवा. याचा पुढेही उपयोग होतो, कारण इंजिन आणि पुढचं सस्पेन्शन उतरवल्यावर भार मागे सरकलेला असतो आणि कोणत्या स्टँडवर किती येतंय हे कळतं. पिव्हट, म्हणजे स्टँडवरचे फिरते सांधे, घट्ट फिरत असतील तर घर्षण काट्याला फसवतं. तेव्हा एकदा बॉडी किंचित वर उचलताना आणि एकदा किंचित खाली सोडताना वाचन घ्या आणि दोन्हींची सरासरी धरा.

चूक अगदी शून्यावर आणायच्या मागे मी लागत नाही. गुरुत्वमध्य आसेच्या साधारण १ सेंटिमीटर खाली, तळाच्या बाजूला, ठेवतो. ३०० किलोच्या बॉडीत त्याने ९० अंशांवर सिलला ४ किलोची ओढ येते. ती एका हाताने आवरते, आणि चुकून सुटलीच तरी बॉडी सरळ स्थितीकडे परत येते. एक लक्षात ठेवायचं की उलटी केलेली, तळ आकाशाकडे असलेली बॉडी अशा वेळी निसरड्या टोकावर उभी असते. ती शांत दिसते, पण जरा धक्का लागला की फिरायला लागते. उलट्या स्थितीत पिन हवीच.

आर्म सरकवताना दोन्ही टोकांना सारखंच सरकवा. फक्त पुढचा आर्म ६ सेंटिमीटर हलवला आणि पुढच्या टोकावर एकूण भाराच्या ४० टक्केच भार असेल तर गुरुत्वमध्यापाशी आस फक्त २.४ सेंटिमीटर सरकते, आणि वर बॉडी पिव्हटच्या रेषेशी तिरकी होते. तिरकेपणामुळे पुढे दुसराच त्रास सुरू होतो, तो खाली येईल. शिवाय आर्मचे बोल्ट बॉडी लटकत असताना सैल करू नका. सिलखाली चार ॲक्सल स्टँड, म्हणजे गाडी टेकवायचे छोटे पक्के आधार, लावून बॉडीचं वजन त्यांच्यावर घ्या आणि मगच आर्म हलवा. स्क्रूने सरकणारा आर्म असेल तरच याला अपवाद.

वरखाली जमलं आणि तरीही सरळ उभी बॉडी एका बाजूला झुकत असेल, तर चूक डावी-उजवी आहे. बहुतेक वेळा कारण डोळ्यांसमोर असतं. एक दार उतरवलंय आणि एक तसंच आहे, किंवा स्टिअरिंगचा खांब आणि पेडलांचा संच अजून आत आहे. ते काढून टाका. आर्मला आडव्या लांबट खाचा असतील तर बॉडी तेवढी बाजूला सरकवा.

जमलेला तोल महिन्याने का बिघडतो

कारण महिन्याने ती बॉडी तीच राहिलेली नसते. तळाचा कुजलेला पत्रा कापला की खालचं वजन गेलं, गुरुत्वमध्य वर सरकला. नवा पत्रा बसवला, तळाला जाड कोटिंग मारलं की तो खाली आला. गाडीच्या तळावर आतून चिकटवलेल्या डांबरी पट्ट्या खरवडून काढल्या तरी किलोकिलोने फरक पडतो. काचा, डॅशबोर्डचा सांगाडा, डिकीचं झाकण, प्रत्येकाचा हिशेब आहे. दारं, बॉनेट आणि डिकी मी रोटिसरीवर कधीच ठेवत नाही. वजन तर असतंच, शिवाय बिजागरीवर लटकलेलं दार बॉडी फिरताना उघडलं तर तोल एका क्षणात बदलतो.

पण एक कारण असं आहे जे दिसत नाही आणि म्हणूनच सर्वांत जास्त छळतं. ते म्हणजे ब्लास्टिंगची, म्हणजे रंग-गंज काढायला झोताने मारलेली, वाळू. बॉडी ब्लास्ट करून आणली की सिल, छताच्या कडेची पोकळ पट्टी, चॅसिस-लेग (तळाच्या लांबीने जाणाऱ्या पोकळ तुळया), दारांच्या पुढचे-मागचे खांब, सगळ्या बंद पोकळ्यांत वाळू किंवा ग्रिट शिरलेलं असतं. भोक बोटाएवढं असलं तरी ते आत जातं, बाहेर मात्र येत नाही. बॉडी फिरवली की ते पोकळीत एका टोकाहून दुसऱ्या टोकाला घरंगळतं आणि तोल फिरता फिरताच बदलतो. सकाळी काट्यावर ४ किलो दिसले आणि दुपारी त्याच कोनात ९ दिसले, तर दुसरं काही शोधत बसू नका. कान सिलला लावा आणि बॉडी अगदी हळू फिरवा. पावसासारखा सर्र आवाज येतो.

ही वाळू तोल बिघडवण्यापलीकडेही नुकसान करते. ती ओल धरून ठेवते, आणि रंगाच्या वेळी हवेच्या झोताबरोबर बाहेर येऊन ताज्या रंगावर बसते. म्हणून तोल लावण्याआधी ती काढायची. बॉडी दर ४५ अंशांवर थांबवून रबरी हातोडीने पोकळ भाग ठोका, वरच्या भोकातून दाबाची हवा सोडा आणि खालच्या भोकाला व्हॅक्यूम लावा. पुढचा थांबा, पुन्हा तेच. तीन पूर्ण फेरे केल्याशिवाय मला समाधान वाटत नाही, आणि चौथ्या फेऱ्यातही मूठभर निघालेली मी पाहिली आहे. डोळ्यांना चष्मा आणि नाकातोंडाला चांगला मास्क हवा. जुन्या रंगात शिसं असू शकतं, आणि अनेक जुन्या बॉडींचे सांधे शिशाने भरलेले असतात. ती धूळ फुप्फुसात जाऊ द्यायची नाही.

दोन्ही दिशांना अडते, तेव्हा दोष तोलात नाही

तोल चुकलेला असेल तर बॉडी एका दिशेला ओढते आणि दुसऱ्या दिशेला फिरवताना जड लागते. पण कधी कधी बॉडी एका ठरावीक कोनात दोन्ही दिशांना घट्ट लागते, थोडी पुढे गेली की मोकळी होते, आणि त्या घट्ट जागी स्टँडचं एखादं चाक जमिनीवरून उचललं जातं किंवा स्टँड मान डोलावल्यासारखा हलतो. इथे कितीही आर्म वरखाली करा, उपयोग नाही. पुढच्या आणि मागच्या पिव्हटच्या रेषा एका सरळ रेषेत नाहीत. प्रत्येक पिव्हट आपापल्या रेषेभोवती फिरायला बघतोय आणि मध्ये बॉडी पिळली जातेय. हा पीळ कुठे जातो? बॉडीच्या सर्वांत कमकुवत जागी, म्हणजे दारांच्या चौकटीत.

पिव्हट पोकळ नळीचे असतील तर तपासणी सोपी आहे. बॉडी चढवण्याआधी दोन्ही नळ्यांतून एक बारीक दोरी ताणून बांधा. दोरी चारही तोंडांशी मध्यावर आली पाहिजे. येत नसेल तर स्टँडची उंची बदला, स्टँडच्या पायाखाली पातळ पत्रे घाला, दोन स्टँडना खाली जोडणारा जोडदांडा सैल करून स्टँड फिरवून जुळवा आणि मग जोडदांडा पुन्हा आवळा. जमीन उतरती असेल तर पाणसळ लावून दोन्ही स्टँडचे खांब उभ्या रेषेत आणा, ओळंबाही चालतो. काही रोटिसरींमध्ये एका टोकाला सगळ्या बाजूंना कलू शकणारं, चेंडूच्या आकाराचं बेअरिंग असतं, ते थोडा तिरकेपणा सामावून घेतं. स्वतः बनवत असाल तर एका टोकाला तसं बेअरिंग जरूर घाला.

जोडदांड्याबद्दल इथेच एक वाक्य. दोन स्टँडना जमिनीलगत जोडणारा तो दांडा काहींना अडचणीचा वाटतो, बॉडीखाली फिरताना पाय अडखळतो, म्हणून ते काढून ठेवतात. तो काढला की बॉडीच स्टँडना जोडून धरते, आणि एखादा स्टँड लांबीच्या दिशेने कलंडायला फक्त एक ढकल पुरते.

कुठे धरायचं

बंपरच्या ब्रॅकेटची भोकं तयार मिळतात, म्हणून बहुतेक जण तिथेच आर्म लावतात. हे चुकीचं नाही, पण त्या जागा बंपरचं वजन पेलायला केलेल्या असतात आणि गंजही तिथेच आधी लागतो. चढवण्याआधी टोकदार हातोडीने ठोकून बघा. खणखणीत आवाज आला पाहिजे. बद्द आवाज आला किंवा टोक आत रुतलं तर ती जागा सोडा आणि चॅसिस-लेगच्या टोकाला किंवा मागे स्प्रिंगच्या टांगणीच्या जागी धरा.

पोकळ लेगमधून आरपार बोल्ट घालायचा असेल तर आत नळीचा तुकडा घालायला विसरू नका, लेगच्या आतल्या रुंदीएवढाच लांब. नसेल तर बोल्ट आवळताना लेगच्या भिंती आत दबतात, नंतर बोल्ट सैल पडतो, आणि बॉडी हलायला लागली की लोक ती हालचाल तोलाची समजतात. बोल्टच्या दोन्ही बाजूंना ५ किंवा ६ मिलिमीटर जाडीची रुंद पट्टी ठेवा, छोटा वॉशर नको. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा ताकदीचा दर्जा सांगणारा आकडा कोरलेला असावा. ज्यावर काहीच आकडा नाही तो बोल्ट इथे वापरायचा नाही.

गाडीची जात ओळखून घ्या. एमजीबी किंवा पहिल्या मस्टँगसारख्या मोनोकॉक गाडीत बॉडी हाच सांगाडा असतो, तिला टोकांना धरलं तर ती तुळईसारखी भार पेलते. बीटल किंवा ट्रायम्फ टीआर-६ सारख्या गाडीची बॉडी मात्र खालच्या चॅसिसवर बोल्टने बसवलेली असते. चॅसिसवरून उचलली की ती बॉडी लवचिक होते, आणि बीटलची बॉडी तर तळाशिवायच वर येते. अशा बॉडीला फक्त दोन टोकांना धरून लटकवणं म्हणजे तिला वाकवणं. तिच्या खाली, मूळ बोल्टांच्या जागी, चौकोनी पाइपची चौकट बांधायची आणि आर्म त्या चौकटीला लावायचे. सबफ्रेम, म्हणजे इंजिन किंवा सस्पेन्शन धरणारी वेगळी छोटी चौकट, असलेल्या मिनीसारख्या गाडीत सबफ्रेमच्या मूळ जोडाच्या जागा धरायला चांगल्या, कारण कारखान्याने भार तिथूनच दिलेला असतो.

आर्म बसवताना बोल्ट हाताने सरकत आत गेले पाहिजेत. पहारीने ओढून भोकं जुळवावी लागत असतील तर थांबा. तसं आवळलं तर बॉडीत कायमचा पीळ बसतो. आधी एक टोक पूर्ण आवळा, दुसऱ्या टोकाला जी फट उरेल तिथे पातळ पत्र्याचे तुकडे भरा आणि मग आवळा. शेवटी पाणसळ एकदा पुढच्या खांबांमध्ये आडवी आणि एकदा मागच्या सीटच्या पाळीवर आडवी ठेवून बघा. दोन्हीकडे बुडबुडा सारखाच असला पाहिजे.

दारांच्या फटी का हलतात

दोन टोकांना धरलेली सरळ उभी बॉडी मध्ये किंचित खाली झोळते. झोळली की दाराच्या चौकटीचा वरचा भाग आवळतो आणि खालचा सुटतो, म्हणजे दाराच्या मागच्या कडेची फट वर अरुंद आणि खाली रुंद दिसते. उलटी केल्यावर झोळ उलटतो, फटही उलटते. आणि बॉडी मध्यावर जॅकने उचलून दोन्ही टोकं अधांतरी ठेवली तर सरळ स्थितीतही फट वर रुंद होते. म्हणून फट बघून कळतं की बॉडी कोणत्या आधारावर वाकली आहे. एक दार वर आणि समोरचं दार खाली बसत असेल तर तो झोळ नव्हे, पीळ. पिव्हटची रेषा आणि आर्मचे बोल्ट तपासा.

उघड्या छताच्या गाडीत हे सगळं कितीतरी जास्त होतं. छत नसल्यामुळे झोळ रोखायचं काम बहुतांशी सिल आणि तळाच्या मध्यावरचा लांब उंचवटा, म्हणजे मधला बोगदा, करतात. आणि नेमक्या त्या सिलच कुजलेल्या असतात.

उपाय ब्रेसिंगचा, आणि तो दारं उतरवण्याआधीचा. गाडी चाकांवर, सपाट जमिनीवर असताना आणि फटी बऱ्या दिसत असताना मापं घ्या. बिजागरीच्या वरच्या बोल्टापासून मागच्या खांबावरच्या कुलपाच्या खुंटीपर्यंत एक, बिजागरीच्या खालच्या बोल्टापासून त्याच खुंटीपर्यंत दुसरं, आणि आतून डाव्या बिजागरीपासून उजव्या खुंटीपर्यंत व उलट अशी दोन कर्णाची. मिलिमीटरमध्ये लिहून ठेवा. मग २५ मिलिमीटरचा चौकोनी पाइप, २ मिलिमीटर जाड पत्र्याचा, प्रत्येक दाराच्या चौकटीत तिरका लावा आणि डाव्या-उजव्या खांबांमध्ये आडवा. वेल्ड करण्यापेक्षा मी बिजागरीच्या आणि सीटबेल्टच्या मूळ भोकांत पट्टी बोल्ट करून तिला पाइप जोडतो. नंतर कापाकापी राहत नाही, आणि दार बसवून बघायचं झालं तर ब्रेस सोडून परत लावता येतो. पाइपच्या एका टोकाला लांब आट्यांचा बोल्ट वेल्ड करून ठेवला तर मिलिमीटरभर कमीजास्तही करता येतं.

तीच मापं रोटिसरीवर सरळ स्थितीत पुन्हा घ्या, आणि उलट्या स्थितीत पुन्हा. माझी स्वतःची मर्यादा २ मिलिमीटर आहे. त्याहून जास्त फरक दिसला की ब्रेसिंग अपुरं समजतो आणि पुढचं काम थांबवतो.

आता यातला सर्वांत महत्त्वाचा आग्रह, आणि यावर माझे काही मित्र माझ्याशी सहमत नाहीत. सिल आणि चॅसिस-लेग यांसारखे भार पेलणारे भाग मी रोटिसरीवर कापत नाही. मित्रांचं म्हणणं असतं की बॉडी आडवी केली की वेल्डिंग किती सोपं होतं, डोक्यावरून ठिणग्या पडत नाहीत. ते खरं आहे. पण टोकांना लटकलेल्या बॉडीची सिल कापली की झोळ रोखणारा मुख्य भागच गेला. बॉडी ज्या वाकलेल्या स्थितीत असेल त्याच स्थितीत नवी सिल वेल्ड होते आणि तो बाक कायमचा होतो. नंतर दार कानस लावून, बिजागरी वाकवून जुळवावं लागतं. मी बॉडी सरळ ठेवतो, सस्पेन्शनच्या मूळ जागांवर पक्के आधार देतो, एका वेळी एकाच बाजूची सिल बदलतो, दार लटकवून फट बघतो, आणि पूर्ण वेल्ड करतो. त्यानंतर बॉडी रोटिसरीवर जाते. तळाचे पत्रे, सांधे भरणं, कोटिंग, पोकळ्यांत मेण सोडणं, ही कामं तिथे करायची.

फिरवण्याआधी

जागेचा हिशेब आसेपासूनच्या सर्वांत लांब कोपऱ्याचा करा. सिलची कड आसेपासून बाजूला ७५ आणि खाली ४५ सेंटिमीटर असेल तर तिचं थेट अंतर सुमारे ८७ सेंटिमीटर. छताची कड बाजूला ५५ आणि वर ८० असेल तर ९७. म्हणजे आस जमिनीपासून किमान १०५ सेंटिमीटर उंच हवी, आणि दोन्ही बाजूंना भिंतीपासून, कपाटापासून तेवढंच मोकळं हवं. वर टांगलेला दिवाही मोजा.

पेट्रोलची टाकी, बॅटरी, ब्रेकच्या नळ्यांतलं तेल, सुट्या काचा हे सगळं आधी बाहेर. बॉडी फिरत असताना तिच्या खाली किंवा दोन स्टँडच्या मध्ये हात, डोकं, कोणाचंही नाही. स्टँडच्या चाकांचे ब्रेक लावा, स्क्रूचे पाय असतील तर ते टेकवा. गिअरने फिरवायची रोटिसरी असली तरी गिअरला कुलूप समजू नका. काम सुरू करण्याआधी दोन्ही टोकांना पिन, एका टोकाला नाही. एकाच टोकाला पिन असेल तर दुसऱ्या टोकाकडचा प्रत्येक धक्का बॉडीतून पीळ बनून जातो.

वेल्डिंगचा अर्थिंग क्लॅम्प स्टँडला लावायची सवय असेल तर मोडा. करंट पिव्हटच्या बेअरिंगमधून जातो, आत बारीक खड्डे पडतात, आणि काही महिन्यांनी बॉडी खडखडत, अडकत फिरायला लागते. क्लॅम्प बॉडीलाच, वेल्डच्या जवळच्या साफ केलेल्या पत्र्यावर. डांबरी पट्टी शेजारी उरली असेल तर ती आधी खरवडा, पेट घेते.

स्टँडच्या खांबावर मी खडूने तारीख, काट्याचं वाचन आणि शेवटी काय काढलं-घातलं ते लिहितो. तळ कापला, तोल तपासला, ६ किलो, छताकडे. तळ बसवला, तोल तपासला, ३ किलो, तळाकडे. दर मोठ्या कामानंतर एक ओळ वाढते, आणि पिन काढण्याआधी ती ओळ वाचायला दोन सेकंद लागतात.

उतरवताना बॉडी सरळ, दोन्ही पिना आत, सिलखाली चार ॲक्सल स्टँड जवळजवळ टेकलेले. पुढचं टोक २ सेंटिमीटर खाली, मग मागचं २ सेंटिमीटर, असं आलटून पालटून. चारही स्टँडवर भार आला, हाताने हलवून बॉडी डगमगत नाही हे पाहिलं, की मगच आर्मचे बोल्ट सोडायचे. ब्रेसिंग मात्र अजून काढायचं नाही. सस्पेन्शन जोडून गाडी चाकांवर आली, दारं लटकवली, फटी पहिल्या दिवशीच्या मापांशी ताडून पाहिल्या, त्यानंतर पाइप एकेक करून सोडायचे.